जेवणाच्या टेबलावरचे सेनापती

प्रिय ईशान आणि रेवा,

ईशान, तुझ्या शाळेतल्या वादविवादाचं भाषण तुझ्या आईने मला पाठवलं. विषय होता, जगाच्या इतिहासातला सर्वांत मोठा सेनापती कोण. तू दहा नावं निवडलीस, त्यांना क्रम लावलास आणि खाली माझ्यासाठी एक ओळ लिहिलीस: आजी, तू आर्मीत होतीस, तू पहिला नंबर कोणाला देशील? भाषण नीट लिहिलं आहेस. वाक्यं स्वच्छ आहेत. तरी ते संपायच्या आत मी चष्मा काढून ठेवला. त्यात तुझा दोष नाही. ही चर्चा मी एकदा ऐकलेली आहे, नोकरीत असताना, युनिफॉर्म अंगावर असताना, जेवणाच्या टेबलावर. त्याबद्दल तुमच्याशी कधी बोलले नाही. तू विचारलंस, तर आता सांगायला हवं.

मी हे इंग्रजीत लिहू शकले असते, तुम्हाला वाचायलाही सोपं गेलं असतं. पण त्या टेबलावरचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं होतं. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. पोस्टिंग नाशिककडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात होतं. तुमचे आजोबा धुळ्याला देवपुरात शाळेत शिकवत, आणि तुमची आई त्यांच्याजवळ राहून दुसरी-तिसरीत शिकत होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी भाद्रपदात तापीला मोठा पूर आला. जळगावच्या मुलकी अधिकाऱ्यांनी सैन्याची मदत मागितली. इंजिनिअर्सची एक तुकडी बोटी घेऊन निघाली. काठच्या गावांत बायका-मुलं अडकली होती, म्हणून एक नर्सिंग ऑफिसर बरोबर द्या असं सांगण्यात आलं. मला खानदेश माहीत आहे म्हणून माझं नाव निघालं.

आमचा तळ रावेर तालुक्यात, नदीपासून थोड्या उंचावरच्या एका सरकारी विश्रामगृहात होता. खाली उतरलं की केळीच्या बागा, बागांच्या पलीकडे पाणी. त्या पाण्यात एका टेकाडावर एक लहान गाव उरलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ते आता त्या जागी नाही. एरवी तिथे कच्च्या रस्त्याने चालत जाता येई. त्या दिवसांत रस्ता माणसाच्या दुप्पट खोल पाण्याखाली होता.

काम ठरलेलं होतं. उजाडताच बोटी सुटायच्या. गावातून माणसं आणायची, काठावर माझ्या तंबूत तपासायची, टोचायची, मग ट्रकने रावेरला पाठवायची. बोटी दोन होत्या. एका बोटीवर नायक दशरथ अहिरे. नायक म्हणजे दोन फितींचा, तुमच्याकडे कॉर्पोरल म्हणतात तो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, बुटका, रुंद खांद्यांचा. धुळे तालुक्यातल्या एका गावचा, बौद्ध कुटुंबातला. वडील नव्हते. गावात आई होती.

पहिल्या सकाळी त्याने माझ्या तंबूत एक म्हातारी पाठीवरून आणून ठेवली. मी तिच्याशी अहिराणीत बोलले, तसा तो थांबला.

"मॅडम, तुम्ही धुयाना शेतस का?"

मी हो, धुळ्याचीच, म्हणाले. त्यानंतर तो माझ्याशी हिंदी बोलला नाही. दर खेपेला उतरताना एखादं वाक्य टाकून जाई. तुकडीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल होते. त्यांना युद्धांच्या इतिहासाचा नाद होता, आणि सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नेपोलियन यायचाच. नदी कशी ओलांडावी हे नेपोलियनने अमुक ठिकाणी कसं दाखवलं, वगैरे. दुसऱ्या दिवशी ब्रीफिंग सुटल्यावर बूट काढून बोटीत चढता चढता दशरथ मला म्हणाला, "त्या नेपोलियनले एकदाव तापी दखाडा." त्याच्या बोटीवरचा सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा साधा जवान, हसला. मी ऑफिसर असल्यामुळे हसले नाही, पण तंबूत जाऊन हसले.

कर्नलसाहेबांविषयी खोटं लिहायचं नाही. माणूस व्यवस्थित होता. दाढी रोज, बूट रोज. जवानांचं जेवण स्वतः चाखून बघत. त्यांचं नाव मी कुठेच लिहिणार नाही, कारण त्यांचीही नातवंडं असतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बोटीचं इंजिन मध्येच बंद पडलं. बोट वाहत जाऊन बाभळींत अडकली. कोणाला लागलं नाही. पण कर्नलसाहेबांनी सगळ्यांना उभं करून हुकूम दिला: यापुढे माझ्या तोंडच्या हुकमाशिवाय एकही बोट सुटणार नाही, इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. बोटींचा तरुण लेफ्टनंट बंद पडलेलं इंजिन घेऊन भुसावळला गेला. दशरथची बोट तेव्हा गावाच्या बाजूला होती. शेवटची आठ माणसं घरं सोडायला तयार नव्हती, त्यांना समजावण्यात त्याची सकाळ गेली होती.

तो हुकूम बरोबर होता. मी आजही त्याला चूक म्हणत नाही. मात्र असा हुकूम ज्याने दिला, त्याने वायरलेस सेटपासून हलायचं नसतं.

साडेबाराच्या सुमाराला मुलकी बाजूने निरोप आला की बऱ्हाणपूरकडे पाणी वाढलं आहे आणि दुपारनंतर आपल्याकडे पोचेल. तो निरोप सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर एक वाजता आम्ही जेवायला बसलो.

इथे तुम्हाला मेसची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑफिसर्स मेसमध्ये सगळ्यांत वरिष्ठ अधिकारी चमचा उचलतो तेव्हा बाकीचे जेवायला लागतात, आणि तो उठल्याशिवाय टेबलावरून कोणी उठत नाही. तंबूतली मेस असो की विश्रामगृहाची, रीत तीच. त्यात कर्नलसाहेबांनी स्वतःचा एक नियम घातला होता, टेबलावर कागद आणायचा नाही. निरोपाची चिठ्ठी आली तर मेस हवालदाराने दारात उभं राहायचं. साहेबांची नजर गेली आणि त्यांनी मान हलवली तरच पुढे यायचं. शांततेच्या काळात ही शिस्त चांगली दिसते. पाहुण्यांवर छाप पडते.

त्या दिवशी पाहुणा होता. जळगावच्या एका कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांबरोबर धान्य आणि चादरी घेऊन आले होते. विद्यार्थी बाहेर ट्रकपाशी पोती उतरवत होते. प्राध्यापकांना साहेबांनी आत जेवायला बोलावलं. टेबलाला चौघे होतो: कर्नल, प्राध्यापक, तुकडीचे सेकंड-इन-कमांड मेजर, आणि टोकाला मी. आमचे डॉक्टर सकाळीच दोन रुग्ण घेऊन जळगावला गेले होते.

पुऱ्या होत्या, शेवभाजी होती, भात होता. मधोमध एका बागाईतदाराने पाठवलेला केळ्यांचा मोठा फणा ठेवला होता. सेट शेजारच्या खोलीत, मधलं दार उघडं. ऑपरेटरचा आवाज टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

प्राध्यापकांनी सुरुवात केली. भिंतीवरचा नकाशा बघून म्हणाले, कर्नल, तुम्ही जाणकार आहात, सांगा, सर्वांत मोठा सेनापती कोण? मी तर सिकंदर म्हणतो.

कर्नलसाहेबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, सिकंदर तरुण मेला, म्हणून मोठा राहिला. नेपोलियन.

मेजर साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "सर, थोरला बाजीराव. पालखेड."

"पालखेडला लढाई कुठे झाली, मेजर?"

"तेच तर सर. न लढता निजामाला गुडघे टेकायला लावले."

"मग तो वाटाघाटी करणारा मोठा. सेनापती नव्हे."

मेजर हसले, कारण वरिष्ठ हसले होते. आणि शेजारच्या खोलीत सेट बोलायला लागला. दशरथचा आवाज होता.

"अल्फा टू बोलतोय. बोट तयार. माणसं आठ. पाणी शांत. निघू का? ओव्हर."

ऑपरेटरने दारातून आत पाहिलं. टेबल पाहिलं. मग सेटमध्ये म्हणाला, "अल्फा टू, वेट. आउट."

वायरलेसच्या भाषेत याचा अर्थ, थांब, मी नंतर बोलतो, बोलणं बंद. ऑपरेटर साधा सिग्नलमन होता. त्याला तेवढंच म्हणायचा अधिकार होता. त्याने चिठ्ठी लिहिली आणि हवालदार ती घेऊन दारात उभा राहिला. कर्नलसाहेबांची पाठ दाराकडे नव्हती. तोंड दाराकडे होतं. त्यांनी हवालदाराला पाहिलं आणि मान हलवली नाही. एक बोट वर केलं, जरा थांब या अर्थाने. तेव्हा ते हॅनिबलवर आले होते.

हॅनिबलसाठी टेबलावर जागा करण्यात आली. केळ्यांचा फणा आल्प्स पर्वत झाला. मिठाची डबी हत्ती. मिरपुडीची डबी रोमन. काट्या-चमच्यांच्या रांगा लागल्या. प्राध्यापकांनी पुरीचा तुकडा नदी म्हणून आडवा ठेवला आणि सगळ्यांना ते फार आवडलं. खिडकीतून खरी नदी दिसत होती. कोणी तिकडे पाहिलं नाही.

मी पाहत होते. टोकाची खुर्ची खिडकीच्या बाजूला होती. पाणी सकाळी राखी रंगाचं होतं. आता त्यात तांबूस पट्टे आले होते.

"अल्फा टू बोलतोय. पाण्याचा रंग बदलला. अजून निघता येईल. निघू का? ओव्हर."

"अल्फा टू, वेट. आउट."

हवालदाराच्या हातात आता दोन चिठ्ठ्या होत्या. हवालदार घड्याळाकडे बघेना, माझ्याकडे बघू लागला. प्राध्यापक म्हणत होते की महान सेनापतीचं लक्षण म्हणजे वेळेची जाण. ते दोनदा म्हणाले. कर्नलसाहेब म्हणाले, अगदी बरोबर, आणि नेपोलियनच्या ऑस्टरलिट्झच्या लढाईचं उदाहरण दिलं. त्यात किती वाजता काय झालं ते सगळं त्यांना पाठ होतं.

मग सेट तिसऱ्यांदा बोलला. आवाज तसाच होता, वर चढलेला नव्हता.

"अल्फा टू बोलतोय. केळीचे खांब वाहून येताहेत. घड लागलेले. निघू, की माणसं शाळेच्या छपरावर चढवू? ओव्हर."

खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगते. पूर चढतो तेव्हा आधी काटक्या, गवत, मेलेली कुत्री येतात. घड लागलेली केळ मुळासकट येते याचा अर्थ वरच्या अंगाच्या बागा उपटल्या गेल्या. लोंढा आला.

मी रुमाल टेबलावर ठेवला आणि उठले.

"कॅप्टन," कर्नलसाहेब म्हणाले, "मी अजून बसलोय."

"सर, वरच्या बागा नदीत आल्या आहेत. आता बोट सोडू नका. त्यांना छपरावर चढायला सांगा."

"केळी येताहेत?" ते प्राध्यापकांकडे बघून म्हणाले. "मग फळांची सोय झाली."

प्राध्यापक हसले. त्यांना अर्थ कळला नसेल असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते जळगावचे होते.

मी पुन्हा म्हणाले, "सर, थांबवा त्याला."

"अर्धा तास झाला, निघू का निघू का चाललंय. आता तुम्ही म्हणता थांबव. एक काय ते ठरवा." मग मान वळवून शेजारच्या खोलीकडे आवाज टाकला, "ऑपरेटर, त्याला सांग, निघ म्हणावं."

हा हुकूम देतानाही ते उठले नाहीत. त्यांच्या हातात सुरी होती आणि सुरीचं टोक मिठाच्या डबीला टेकलं होतं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा 'निघ' म्हणायचं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा 'थांब' म्हणायचं होतं. उलट झालं. मधला अर्धा तास सिकंदर आणि नेपोलियन यांच्यात गेला.

ऑपरेटरने हुकूम सांगितला. दशरथ म्हणाला, "रॉजर. निघतोय. आउट." मेजर आता उभे राहिले होते. मी काठाकडे पळाले. मागून स्ट्रेचरवाले आले. मेजरही आले, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

आम्ही पोचलो तेव्हा बोट निम्म्यावर होती. नदीभर केळी होती. हिरवे खांब, त्यांना लोंबणारे हिरवे घड, एकमेकांवर चढत येत होते. दशरथ मागे इंजिनपाशी, सॅपर पुढे बांबू घेऊन खांब बाजूला लोटत होता. मध्ये आठ माणसं खाली बसलेली, त्यांत एक बाळंतीण. इंजिनाचा आवाज जाड झाला आणि बंद पडला. खांबांचे धागे पंख्याला गुंडाळले होते. दशरथने इंजिन वर उचललं आणि कोयता घेऊन वाकला. एकदा कापलं. दुसऱ्यांदा कापलं. वरून खांबांचा एक मोठा गठ्ठा आला आणि बोटीच्या मागच्या अंगावर आदळला. बोट फिरली. तो पाण्यात गेला. एकदा डोकं दिसलं. मग खांब खांबाला भिडले आणि मध्ये पाणी दिसेनासं झालं.

बोट वाहत खाली गेली आणि सकाळच्याच बाभळींत अडकली. गावकरी आणि जवान दोर घेऊन उतरले. आठही माणसं निघाली. सॅपर निघाला. मी बाळंतिणीला आणि तिच्या पोराला कोरडं केलं, म्हाताऱ्यांची नाडी पाहिली. कोणाला काही नव्हतं. माझं काम पंधरा-वीस मिनिटांत संपलं.

कर्नलसाहेब काठावर आले तेव्हा त्यांच्या हातात दुर्बीण होती.

गावातल्या शाळेचं छप्पर शेवटपर्यंत कोरडं राहिलं. पाणी ओसरेपर्यंत मी ते रोज बघत होते.

दशरथ दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, बराच खाली, एका बागेच्या कुंपणाला. त्याला मी स्वतः धुतलं. हे काम ऑर्डर्लीचं असतं. मी ऑर्डर्लीला बाहेर उभं केलं. नखांत केळीचे धागे होते, चिकट, ते निघायला वेळ लागतो. केळीचा डाग कपड्यावरून जात नाही हे तुम्हाला आईने सांगितलं असेल. युनिफॉर्म नवा घातला. त्याच संध्याकाळी मेसमध्ये जेवण लागलं. तेच टेबल, तीच मिठाची डबी. मी ताट बाहेर मागवून घेतलं आणि जवानांच्या लंगरात बसून खाल्लं. किळस हा शब्द मी फार कमी वापरते. चौदा वर्षं जखमा पाहिल्या, पू पाहिला, गॅंगरीन पाहिलं. किळस मला त्या मिठाच्या डबीची आली.

त्याला गावी न्यायला कर्नलसाहेब स्वतः आले. प्रथेप्रमाणे त्यांनी यायची गरज नव्हती, तरी आले. मी बरोबर होते, कारण मला भाषा येत होती. सॅपरही होता. जळगावहून धुळ्याकडे ट्रक निघाला, पुढे जीप. पारोळ्याच्या पुढे साहेब मला म्हणाले, "काय नाव म्हणालात, आईचं?" मी सांगितलं. सोनाबाई. गावात सगळे सोनाअक्का म्हणतात.

वस्तीवर लोक जमले होते. विहारातले भन्ते आले होते. त्रिशरण, पंचशील झालं. जवानांनी शस्त्रं उलटी धरून मान दिला. कर्नलसाहेब इंग्रजीत चार वाक्यं बोलले, ती मी मराठीत सांगितली. शूर, कर्तव्यदक्ष, आठ जीव वाचवले. सगळं खरं होतं.

सॅपर अक्कांपाशी आधी जाऊन बसला होता. वय कमी, पोटात ठेवता येईना. त्याने जे घडलं ते सांगून टाकलं होतं. अक्का उठून साहेबांसमोर आल्या. उंचीने त्यांच्या पट्ट्याइतक्या. रडत नव्हत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"मना पोऱ्या हाका मारी ऱ्हायंता, तवय ह्या साहेब काय करी ऱ्हायंतात?"

कर्नलसाहेबांनी विचारलं, काय म्हणतात?

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. त्या विचारताहेत, माझा मुलगा हाका मारत होता तेव्हा हे साहेब काय करत होते?

साहेबांनी टोपी नीट केली. म्हणाले, "सांगा, आम्ही कॉन्फरन्समध्ये होतो."

मी कॅप्टन होते. ते लेफ्टनंट कर्नल होते. भाषांतर करणाऱ्याने ऐकलं तेच सांगायचं असतं. मी अक्कांना म्हणाले,

"जेवी ऱ्हायंतात, अक्का."

अक्का साहेबांकडे नीट बघत राहिल्या. रागाने नव्हे. हिशेब जुळत नाही तसं. मग म्हणाल्या,

"जेवाले इतला येळ लागस?"

याचा अर्थ साहेबांनी मला विचारला नाही. मीही सांगितलं नाही. परतीच्या वाटेला मी जीपमध्ये बसले नाही, ट्रकमध्ये मागे जवानांबरोबर बसले.

चौकशी झाली. कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात तिला. मी साक्ष दिली. टेबलाचं सांगितलं, तीन निरोपांचं सांगितलं, केळ्यांच्या फण्याचंही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, कॅप्टन, जेवणाचे तपशील विषयाला धरून नाहीत. मेजरना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, मला नेमकं आठवत नाही. ऑपरेटरला विचारलं नाही. निष्कर्ष निघाला, नैसर्गिक आपत्तीत अपघाती मृत्यू. आपत्ती नैसर्गिक होती हे खरंच आहे. दशरथचं नाव शौर्यपदकासाठी मी सुचवलं, ते वर गेलं आणि परत आलं नाही. कर्नलसाहेब पुढे ब्रिगेडिअर होऊन निवृत्त झाले असं ऐकलं.

मी दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि देवपुरात आले.

आणखी एक सांगायचं आहे, ते नव्वदच्या दशकातलं. देवपुरातल्याच एका कॉलेजात वक्तृत्वस्पर्धा होती. माजी सैनिक अधिकारी म्हणून मला परीक्षणाला बोलावलं. विषय बोर्डावर खडूने लिहिला होता आणि तो वाचून मी तेव्हाच परत फिरायला हवं होतं, पण मुलं दाराशी फुलं घेऊन उभी होती. प्रमुख पाहुणे म्हणून तेच प्राध्यापक आले होते. केस पांढरे, शाल अंगावर. त्यांनी मला ओळखलं नाही. त्या जेवणाच्या वेळी मी युनिफॉर्ममध्ये होते आणि टोकाला बसले होते.

समारोपाच्या भाषणात ते म्हणाले, हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा. एकदा तापीच्या पुरात एका कर्नलबरोबर जेवताना आम्ही याच विषयावर रंगलो होतो. काय बुद्धिमान माणूस! केळी, मीठ, मिरपूड मांडून त्यांनी मला हॅनिबल समजावला. बाहेर पूर आणि आत इतिहास. आयुष्यातलं अविस्मरणीय जेवण.

मुलं टाळ्या वाजवत होती. मी उठले. माझ्या शेजारच्या प्राचार्या कुजबुजल्या, "ताई, पाहुण्यांचं भाषण चाललंय. त्यांचं होईपर्यंत बसा."

मी म्हणाले, "एकदा बसले होते." आणि बाहेर आले. पांझरेच्या पुलावर उभी राहून मला उलटी झाली. तुमचे आजोबा म्हणाले ऊन लागलं असेल. मी तसंच म्हणू दिलं.

ईशान, तू नावं लाव. शाळेने दिलेलं काम आहे, ते पूर्ण कर. पण नंबर मी देणार नाही. ज्यांची नावं तुझ्या यादीत आहेत त्यांच्या मागे किती माणसं वेट-आउट ऐकत उभी होती, ते कोणत्याच पुस्तकात मी वाचलेलं नाही, आणि त्या माणसांशिवाय मला ती नावं वाचता येत नाहीत. रेवा, तू लहान आहेस. तुला यातलं नाव तेवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

नायक दशरथ अहिरे, इंजिनिअर्स. त्याच्या नावाचा चौक नाही, पाटी नाही. सोनाअक्का गेल्या. मी दरवर्षी भाद्रपदात त्यांच्या वस्तीवर जायचे, आता गुडघे चालत नाहीत. बोटीतला सॅपर निवृत्त होऊन त्याच्या गावी गेला, त्याचं पत्र येणं थांबलं.

ते गाव सरकारने वर उंचावर हलवलं. त्या बोटीतल्या आठ माणसांपैकी तिघं अजून आहेत. त्यांत ती बाळंतीण आहे. तिघंही नव्या वस्तीत राहतात, आणि तिघांनाही त्याचं नाव माहीत आहे.

तुमची आजी,
देवपूर, धुळे